खालचा खांब

घर दाखवण्याची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. पाहुणे आले की यजमानीण पुढे, पाहुणी मागे आणि त्यांच्या मागून उगीचच हसत येणारे यजमान अशी एक लहानशी वरात निघते. बैठकीची खोली होते, स्वयंपाकघर होते, देवघरापाशी हात जोडून होतात, ओट्याला कोणता दगड घातला याची चौकशी होते. न्हाणीघरातल्या फरशीचेसुद्धा कौतुक होते. पण 'हा आमचा जिना' असे म्हणून कुणी कुणाला जिन्यापाशी थांबवल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही. जिना दाखवायचा नसतोच. त्यावरून वरचे घर दाखवायला जायचे असते. त्यातून नजर गेलीच तर ती पायऱ्यांवर जाते, कारण पडायची भीती असते. पायथ्याशी जो खांब उभा असतो, ज्याला धरून आपण पहिले पाऊल उचलतो, त्याच्याकडे कुणी बघत नाही. हात आपोआप तिकडे जातो आणि आपले काम करून मोकळा होतो.

भाषेनेही हाच पक्षपात केलेला आहे. मराठी शिकवून पोट भरणाऱ्या बाईला असल्या गोष्टी मोजत बसायची खोड असते. पायरीचा थाट पाहा! माणसाने आपली पायरी ओळखून वागावे, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. आणि पंढरपूरच्या महाद्वारात नामदेवाची पायरी आहे, तिला पाय लागू नये म्हणून लोक जपून जातात. जिना हा शब्द फारसीतून आला आणि आपल्या घरचाच झाला. निसण ही संस्कृत निःश्रेणीची लेक. लाकडी जिन्याला दादर म्हणत. सोपान तर इतका मानाचा, की ज्ञानदेवांच्या धाकट्या भावाचे तेच नाव. जिन्याच्या खांबाच्या वाट्याला मात्र असे काही आलेले नाही. कारागिरांपाशी तरी एखादा जुना, गोड शब्द असेल, या आशेने मी एकदा गावच्या वाढयाला विचारले. तो रंधा थांबवून म्हणाला, "खालचा खांब म्हनतो जी त्याले."

"आणि वळणावर आहे तो?"

"वळनाचा खांब."

आणि पुन्हा रंधा सुरू झाला. बाईंना एवढेही समजू नये, असे त्याच्या चेहऱ्यावर होते.

हे गाव म्हणजे अकोट, माझे माहेर. अकोल्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी. गावाच्या दक्षिणेला कपाशीची काळी जमीन पसरलेली आणि उत्तरेला नजर टाकली की मेळघाटचे निळे डोंगर. तिथल्या जंगलाचा काही भाग इंग्रजांनी १८६६ साली राखीव केला तो सागासाठी. काळी जमीन आणि साग या दोहोंच्या मध्ये गाव वसल्यामुळे आमच्याकडची जुनी घरे जशी आहेत तशी झाली, असे मला वाटते. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावरचे घर वर्षातून एकदा थोडे उचलले जाते आणि एकदा थोडे बसते. अशा घराला अंग ताठ धरून चालत नाही. सागाचा सांगाडा, एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत आणि मध्ये आरपार खुंटी, असा जोड असला की घर थोडे कुरकुरते, थोडे हलते आणि पुन्हा जागेवर येते. खिळा ठोकलेले लाकूड अशा वेळी चिरते.

आमचा जिना असाच होता. होता म्हणते, पण अजून आहे. ढेलजेतून आत आले की चौकाच्या उजव्या हाताला, भिंतीला लागून तेरा पायऱ्या. उंच इतक्या, की नव्या सुनेला पहिले चार दिवस नऊवारीची आणि जिन्याची गाठ घालून देता देता सासूला पुरेवाट होई. दोन बाजूंना दोन तिरप्या फळ्या, त्यांच्या खाचांत बसवलेल्या पायऱ्या, एका अंगाला भिंत आणि दुसऱ्या अंगाला कठडा. तिरपी वस्तू भिंतीला टेकवली की तिचा पाय पुढे सरकू पाहतो. शिडी लावणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे, म्हणून तर खाली एक जण पाय देऊन उभा राहतो. आमच्या जिन्याखाली असा पाय देऊन उभा राहिलेला तो खालचा खांब. फळीचे टोक त्याच्या पोटात शिरलेले, कठड्याचा दांडा त्याच्या खांद्यात, आणि तो स्वतः जमिनीत न गाडता काळ्या दगडाच्या तळखड्यावर उभा. दगडाला खळगा आणि खांबाला खाली कुसू. जमिनीची ओल आणि उदई दगड चढून सहजी वर येत नाही, म्हणून ही योजना. डोक्यावर कमळाची कळी कोरलेली होती म्हणतात. मी पाहिली तेव्हा तिचे लिंबू झालेले होते.

हा जिना वैशाखात बोलत असे आणि श्रावणात मुका होत असे. उन्हाने लाकूड आकसले की जोड सैल होतात आणि पायरीगणिक वेगळा आवाज निघतो. रात्री कोण उठले, कोण पाणी प्यायला खाली आले, हे आई अंथरुणात पडल्यापडल्या सांगायची. पावसाची हवा लागली की लाकूड फुगून जोड घट्ट बसत आणि मग कुणी कधी खाली उतरले ते कळत नसे. श्रावणातल्या उपासाच्या दिवशी डब्यातले शेंगदाण्याचे लाडू कमी होत, त्याला धर्मशास्त्रापेक्षा हे कारण अधिक होते.

माडीवर कापूस भरलेला असे. १९७२ साली सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदीचे ते दिवस. केंद्रावर गाड्यांची रांग, नंबर कधी लागेल याचा नेम नाही, तोवर कापूस घरात. गाठोडी डोक्यावर घेऊन गडी चढत, वळणावर एक हात खांबाला घालून अंग फिरवत, आणि गाठोड्याची कड खांबाला घासून जाई. आम्ही मुले खांबखांबोळी खेळत असू. चौकातले चार खांब आणि हा पाचवा. ज्याच्या वाट्याला हा येई त्याची चैन, कारण तो हातात मावत असे. आणि अकोट म्हणजे नरसिंग महाराजांचे गाव. यात्रेत प्रल्हादाची गोष्ट ऐकून आलो की आम्ही खांबावर कान लावून टकटक करायचो. सर्वांत आशा या खालच्या खांबाची वाटे, कारण तो आतून थोडा पोकळ वाजायचा. नरसिंह काही निघाला नाही. मोठीआई मात्र एकदा स्वयंपाकघरातून निघाली, आणि ती पुरेशी होती.

पुढे शिकले, शिकवू लागले, आणि खांब मला जागोजाग भेटू लागले. आपल्या वाङ्मयाचा आरंभच खांबाला पाठ टेकून झाला, असे म्हटले तर कुणी रागावू नये. नेवाशाला ज्या दगडी खांबाला टेकून ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरी सांगितली अशी श्रद्धा आहे तो पैसाचा खांब तिथे आजही उभा आहे. ग्रंथ पुरा झाला शके १२१२, म्हणजे १२९० साली. पंढरपूरला विठ्ठलाच्या भेटीआधी गरुडखांबाला मिठी मारायची असते. पुस्तकांत वाड्यांच्या खांबांची वर्णने वाचली. सुरूच्या झाडासारखा निमुळता होत गेलेला दांडा, वर केळफूल, हस्ताला नक्षी. पुण्यात शनिवारवाडा पाहायला गेले तेव्हा तिथे ते काही नव्हते. १७३२ साली वास्तुशांत झालेला तो वाडा १८२८ च्या आगीत जळाला. लाकूड गेले, दगडाची जोती राहिली. विद्यार्थ्यांची सहल घेऊन गेले होते. मुले तटावर फोटो काढत होती आणि मी खालच्या दगडांकडे बघत हिंडत होते. सहलीची जबाबदारी घेतलेल्या बाईला हे शोभत नाही, असे बरोबरच्या सरांचे मत पडले.

चक्री जिन्यातला खांब मला सर्वांत नवलाचा वाटतो. मनोऱ्यांतल्या जुन्या दगडी जिन्यांत पुष्कळदा मधला खांब वेगळा उभा केलेलाच नसतो. प्रत्येक पायरीच्या निमुळत्या टोकाला एक वाटोळी चकती त्याच दगडातून घडवून ठेवतात. पायरीवर पायरी चढली की चकतीवर चकती चढते आणि तिचाच खांब होतो. कोण कुणाला सांभाळतो हे मग सांगता येत नाही. उलट अमेरिकेत सांता फे गावी लोरेटोच्या प्रार्थनामंदिरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा एक लाकडी चक्री जिना आहे, त्याला मधला खांबच नाही. दोन पुरे वळसे घेऊन तो अधांतरी वर जातो. तो चमत्कार आहे असे भाविक म्हणतात. आतली फळी इतकी घट्ट वळवली आहे की तीच खांबाचे काम करते, असे जाणकार म्हणतात. प्रथम त्याला कठडाही नव्हता, तेव्हा काही जोगिणी हातापायांवर रांगत उतरत, असे सांगतात. पुढे कठडा बसवला. चमत्कारालाही शेवटी हाताने धरायला काहीतरी लागते.

आमच्या सातपुड्यातही असा एक जिना होता, पण तो गाडीचा. अकोटहून खांडव्याकडे जाणारी मीटरगेज धूळघाटापाशी डोंगराला वळसा घालून स्वतःच्याच रुळांवरून पलीकडे जाई. खिडकीतून खाली पाहिले की आपण मघाशी होतो ती वाट दिसे. त्या जिन्याचा खांब म्हणजे अख्खी टेकडी. ती गाडी २०१७ च्या आरंभी बंद झाली. अकोल्याहून अकोटपर्यंत २०२२ पासून मोठ्या रुळांवरची गाडी येते, पण ती तिथेच थांबते.

मोठेबाबा, म्हणजे माझे थोरले काका, गेले ते १९९४ च्या वैशाखात. रात्री जेवून माडीवर झोपायला गेले आणि पहाटे उठले नाहीत. मी तेरा वर्षांची होते. सकाळी गावातली माणसे जमली, खाली सगळी तयारी झाली, आणि मग लक्षात आले की त्यांना खाली आणायचे कसे. जिना अरुंद, आणि पायथ्याला ढेलजेकडे वळायचे तर खालचा खांब मध्ये. चार माणसे वळू शकत नव्हती. कुणी म्हणाले, खुर्चीत बसवून आणू. ते मोठ्याआईला ऐकवेना. कुणी म्हणाले, करवत आणा. तेवढ्यात समोरच्या आळीतले वाढईकाका आले. त्यांनी तिरप्या फळीखाली एक टेकू लावला, खांबाच्या खुंटीवर लाकडी हातोडीने दोन ठोके दिले, कठड्याचा दांडा सोडवला आणि खांब कुशीत घेऊन, लेकराला उचलावे तसा, तळखड्यावरून वर उचलला. दहा मिनिटेही लागली नाहीत. "वैशाख हाय म्हनून निघाला," ते म्हणाले, "सावनात असता तं कापाच लागला असता." खांब त्यांनी चौकात भिंतीला टेकवून ठेवला. मोठेबाबा निजल्या अंगाने खाली आले.

त्यांच्यामागून मोठीआई उतरली. शेवटच्या पायरीवर तिचा हात सवयीने बाजूला गेला. तिथे काही नव्हते. ती तशीच क्षणभर उभी राहिली, हात पुढे केलेला, आणि मग माझ्या आईने तो धरला.

संध्याकाळी वाढईकाकांनी खांब पुन्हा बसवला. जुनी खुंटी काढताना फुटली होती, म्हणून बाभळीची नवी घातली. ती आजही वेगळी दिसते.

मोठीआई आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे आणि माडीवरच राहते. खाली ये म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिले. गुडघे दुखतात, दिसते कमी. पण खांबाला हात लागला की पुढच्या तेरा पायऱ्या तिला डोळे मिटून येतात. दिवसातून एकदा उतरते, एकदा चढते. पाठीमागची भिंत मात्र दोन पावसाळ्यांपासून सुटली आहे. माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, पुण्याहून दर महिन्याला येतो, पैसे घालतो, माती निघते. तो कंटाळला आहे आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. वाडा पाडून रस्त्याच्या अंगाला गाळे काढावेत आणि मागे मोठ्याआईला तळमजल्यावर दोन खोल्या बांधून द्याव्यात, असा त्याचा बेत आहे. बेत चांगला आहे. मी तो तीनदा ऐकला आणि तीनदा त्यात खोट सापडली नाही.

प्रश्न सहीचा आला. २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचाही मुलांइतकाच हक्क आला. तेव्हापासून घरोघरच्या माहेरवाशिणींना एका कागदाची ओळख झाली आहे. त्याचे नाव हक्कसोडपत्र. दादाने तो कागद अमरावतीला माझ्याकडे पाठवला तेव्हा सोबत संत्र्यांची करंडी होती. पैशांचे तो नीट बोलला होता. त्या बाबतीत माझी तक्रार नाही. कागद टेबलाच्या खणात ठेवून मी पेपर तपासत राहिले. विद्यार्थ्यांनी संधी सोडवले, समास सोडवले. हक्क सोडायला मात्र माझा हात उठेना. शेवटी दसऱ्याच्या सुट्टीत अकोटला गेले.

त्याच दिवशी जुन्या लाकडांचा एक व्यापारी वाडा पाहायला आला होता. आता अशा खांबांना फार मागणी आहे. शहरांतल्या हॉटेलांत, बंगल्यांत ते शोभेला उभे करतात. वर त्यांच्यावर काही भार नसतो. मनुष्य सभ्य होता, चपला बाहेर काढून आत आला. त्याने चौकातले चारी खांब टेप लावून मोजले, नखाने खरवडून पाहिले, आणि भाव सांगितला तो ऐकून दादाने माझ्याकडे पाहिले. मग तो जिन्यापाशी आला. खालच्या खांबावर त्याने हात फिरवला आणि थांबला.

"याची एक बाजू गेली आहे," तो म्हणाला.

खरेच गेली होती. चौकाकडच्या अंगाने खांब वाटोळा होता आणि पायऱ्यांकडच्या अंगाने त्याला खळगे पडले होते. वर एक, कळीच्या खाली, मोठ्यांच्या हाताचा. कमरेएवढ्या उंचीवर दुसरा, आम्हां मुलांचा. आणि मध्ये एक लांबट चट्टा, कापसाच्या गाठोड्यांनी घासलेला. मी आजवर त्या खांबाला हजारो वेळा धरले असेन, पण ते खळगे डोळ्यांनी पाहिले ते त्या दिवशी. व्यापाऱ्याने बाभळीच्या खुंटीवर टिचकी मारली. "आणि हा जोडही नवा आहे. हा जळणात धरा." त्याने वहीत चार खांब लिहिले.

मोठीआई वरच्या पायरीवर बसून सगळे ऐकत होती. तो गेल्यावर ती उतरली, आपल्या चालीने, एकेक पायरीवर दोन्ही पाय टेकत. खाली आल्यावर खांबाला धरून उभी राहिली आणि मला म्हणाली, "सही करून टाक, बाई. भिंत काय माझ्यासाठी थांबते? अन् त्याचेही पाय पुण्याहून येऊन येऊन दुखतात." दादा काहीतरी बोलणार होता, पण बोलला नाही. "फक्त हा जळणात घालू नका. यानं त्या दिवशी वाट दिली होती."

"मग ठेवायचा कुठे?" दादाने विचारले. प्रश्न रास्त होता. नव्या खोल्यांना जिना नाही आणि गाळ्यांचा जिना सिमेंटचा.

मी म्हणाले, मी नेते.

हे मी कसे म्हणाले ते मला सांगता येणार नाही. अमरावतीला आमचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. पुस्तकांनाच जागा नाही. पण म्हटले खरे. मोठ्याआईने माझ्याकडे पाहिले, काही बोलली नाही, आणि चहा टाकायला गेली. तिच्यामागून दादाही गेला, आणि थोड्या वेळाने दोघे कुठल्याशा पत्र्याच्या उताराबद्दल बोलताना ऐकू आली. नव्या खोलीच्या दारापाशी तिला धरायला एक दांडा लावायचा, असे त्यातून ठरले. तो लोखंडी असावा की लाकडी, यावर मात्र चहा निवेपर्यंत एकमत झाले नाही.

सही मी केली. वाढईकाका आता नाहीत. त्यांचा मुलगा, तोच तो रंधेवाला, दुसऱ्या दिवशी खांब पाहायला आला. खुंटी त्याने बोटांनी चाचपली. बापाच्या हातची आहे हे त्याला सांगावे लागले नाही. उन्हाळ्यात काढू, म्हणाला. आता पाऊस नुकताच गेला आहे, जोड घट्ट आहेत. मग खाली बसून त्याने तळखड्याभोवतीची माती जराशी उकरली.

"खांब न्याचा असन तं हा दगडबी न्या लागन, बाई. नाही तं तो उभा नाही राहनार."

वजन विचारले तेव्हा तो म्हणाला, सव्वा क्विंटलच्या खाली नाही. घरी परत आल्यावर मी आमच्या लिफ्टमधली पाटी वाचून पाहिली. सहा माणसे, ४०८ किलो. म्हणजे दगड, खांब आणि मी, एवढी मंडळी एका खेपेत वर येऊ. सोसायटीच्या चिटणिसांना अजून विचारलेले नाही.